खाली धरलेलं छत

पुण्यात फरासखाना म्हटलं की बुधवार पेठेतलं पोलीस ठाणं आठवतं. गणपतीतला बंदोबस्त, हरवलेल्या पाकिटाची तक्रार, एवढाच आता त्या नावाशी आपला संबंध उरला आहे. पण फरास म्हणजे तंबू ठोकणारा, जाजम अंथरणारा माणूस, आणि फरासखाना म्हणजे राज्याचे तंबू, राहुट्या, कनाती, शामियाने सांभाळणारं खातं. मराठी राज्यात अठरा कारखाने मोजत. तोफखाना, पीलखाना, नगारखाना यांच्या रांगेत फरासखानाही असे. म्हणजे कापडाचं छत उभं करणं आणि ते वाऱ्यापावसात टिकवणं हे त्या काळी कुणालाही जाता जाता जमणारं काम मानलं जात नव्हतं. त्यासाठी माणसं नेमलेली असत, आणि मुक्कामाच्या जागी फौजेच्या आधी त्यांना पोचावं लागे.

आज कापडाचं छत बाजारात सहज मिळतं. गाडीच्या टपावरच्या कॅरियरला ते बोल्टने आवळायचं, गुंडाळी सोडायची, पुढचे दोन पाय उभे करायचे, की दहा मिनिटांत गाडीशेजारी अंगण तयार. दुकानदार त्याला ‘ऑनिंग’ म्हणतात. या पुस्तिकेत मी सरळ ‘छत’ असंच म्हटलं आहे. राज्य सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच्या आगेमागे पुण्यात गाडीतच झोपण्याची सोय करून घेणारे लोक वाढले. शनिवारी दुपारी पवनेच्या, मुळशीच्या, पानशेतच्या काठाला अशी छतं ओळीने उघडलेली दिसतात. छत विकत मिळतं, फरास मात्र मिळत नाही. पिशवीत चार बारीक मेखा, थोडी नायलॉनची दोरी आणि एक कागद असतो. त्या कागदावर जोराच्या वाऱ्यात छत वापरू नये असं लिहिलेलं असतं. जोराचा म्हणजे किती, तो येतोय हे ओळखायचं कसं, आणि आलाच तर आधी कशाला हात घालायचा, हे तिथे सापडत नाही. ही पुस्तिका त्यासाठी आहे.

मला ती लिहावीशी का वाटली, ते आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल. पवना धरणाचं पाणी उन्हाळ्यात आत सरकतं आणि काठाला भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. आम्ही त्या पट्ट्यावरच गाडी लावली होती. समोर पाणी, पाण्यापलीकडे तुंगचा सुळका. माझा मेहुणा, त्याची आई, त्याची सात वर्षांची मुलगी आणि मी. छत अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद. मेखा गाळात हाताने दाबूनच आत गेल्या, हातोडी काढावी लागली नाही. तेव्हा ती सोयच वाटली. खबरदारी म्हणून पुढच्या दोन पायांना वीस-वीस लिटरचे पाण्याचे कॅन बांधले. दुपारभर पाण्यावरून गार झुळूक येत होती आणि कापड हलकं हलकं उचलून खाली बसत होतं.

साडेचारच्या सुमाराला झुळूक थांबली. जवळच्या वाडीतून एक मावशी आम्हाला रात्रीच्या भाकरी द्यायला आल्या होत्या. त्यांनी पाटी उतरवली, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “दादा, वारं पडलंय. ते कापड खाली घ्या.” मला त्यांचं बोलणं कळलंच नाही. वारा पडला आहे, तर छताला आता धोका कसला? चहा उकळत होता. मी म्हणालो, “घेतो चहा झाल्यावर.”

चहा गाळून व्हायच्या आत काठाच्या टोकाला मातीचा पडदा उभा राहिला. पाठोपाठ गार हवेचा लोट आला, आणि तो दुपारच्या झुळकेच्या अगदी उलट्या बाजूने. छताचं कापड खालून फुगलं, पुढचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले, कॅन हवेत झोके घेऊ लागले आणि पुढच्या क्षणी सगळं छत गाडीच्या टपावरून उलटून पलीकडे जाऊन पडलं. अॅल्युमिनियमच्या पायाचं टोक जिथे गाळात रुतलं, तिथे पाच मिनिटांपूर्वी माझी भाची काडीने चित्रं काढत बसली होती. तिची आजी तिला हात धुवायला घेऊन गेली होती, म्हणून ती तिथे नव्हती.

वारा ओसरल्यावर आम्ही पाहणी केली. कॅरियरचे बोल्ट पत्र्यासकट उपटले होते. आणि चारही मेखा दोऱ्यांच्या टोकाला लोंबत होत्या, एकही वाकलेली नव्हती. ती एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मेख वाकली असती तर म्हणता आलं असतं की वारा फार होता. न वाकलेली मेख सांगत होती की जमिनीने तिला धरलंच नव्हतं आणि आम्ही ते तपासलंही नव्हतं.

छपराबद्दल बोलताना आपल्या तोंडी येणारे शब्द पाहा. खांब, टेकू, धिरा, आधार. सगळे खालून वर धरणारे. कौलांचं किंवा स्लॅबचं छप्पर जड असतं, ते कोसळू नये ही काळजी असते, म्हणून हे शब्द तिथे शोभतात. कापडाचं छत जेमतेम काही किलोंचं. ते वर धरायला दोन काठ्या पुरतात. त्याला खाली धरून ठेवणं हेच सगळं काम आहे. वारा छतावरून वेगाने सरकतो तेव्हा वरच्या बाजूला दाब कमी होतो आणि कापड वर ओढलं जातं. त्याच वेळी खाली शिरलेल्या वाऱ्याला गाडीची भिंत आडवी येते, तो अडतो आणि कापडाला खालून ढकलतो. दोन्ही जोर एकाच दिशेचे, वरच्या. तंबू ‘पडला’ असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तो आधी उडालेला असतो.

हा जोर किती, याचा हिशोब अवघड नाही. इमारतींवर वाऱ्याचा भार किती धरायचा हे सांगणारं आयएस ८७५ नावाचं भारतीय मानक आहे. त्याच्या तिसऱ्या भागात सूत्र दिलं आहे: वाऱ्याचा सेकंदाला मीटरमधला वेग घ्या, त्याचा वर्ग करा आणि ०.६ ने गुणा. येणारा आकडा म्हणजे दर चौरस मीटरवरचा दाब, न्यूटनमध्ये. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. दाब झाला ६० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला साधारण ६ किलोचं वजन. आमचं छत पाच चौरस मीटरचं, म्हणजे ३० किलो. ताशी ५४ किलोमीटरला तोच आकडा सुमारे ७० किलो होतो आणि ताशी ७२ ला सुमारे १२० किलो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. नेमका जोर छताच्या उतारावर आणि आजूबाजूच्या आडोशावर अवलंबून कमीजास्त होईल, पण अंदाज बांधायला हा हिशोब पुरेसा आहे. दुपारी कापड लाडाने उचलणारी झुळूक आणि संध्याकाळी बोल्ट उपटणारा झोत यांच्यात वेगाचा फरक आपल्याला वाटतो तेवढा मोठा नसतो.

आता ते पाण्याचे कॅन. छताच्या जोरातला निम्मा भार गाडीच्या बाजूला जातो, निम्मा पुढच्या दोन पायांवर येतो. ताशी ७२ च्या झोताला पुढच्या पायांना मिळून ६० किलोची उचल बसते, आणि आमच्या दोन कॅनांचं वजन भरलेले असताना ४० किलो. शिवाय आम्ही त्यांतलं पाणी दिवसभर वापरत होतो. चहा, भांडी, हातपाय धुणं. साडेचारपर्यंत एक कॅन निम्म्यावर आला होता. वजन म्हणून बांधलेली वस्तू वापरायची नाही, हा साधा नियम आम्हाला सुचला नाही. वजन दोरीला लोंबतं ठेवलं तर झोताबरोबर ते झोके घेतं आणि प्रत्येक झोक्याला पायाला हिसका देतं, तेही आम्हाला माहीत नव्हतं. वजन जमिनीला टेकलेलं हवं आणि दोरी ताठ हवी.

त्याच मानकात देशातल्या शहरांसाठी वाऱ्याचा मूळ वेग दिलेला आहे. मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, पुण्यासाठी ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. पक्की इमारत पन्नासेक वर्षांतून एकदा येणाऱ्या तेवढ्या झोतात टिकावी, असा त्यामागचा विचार आहे. कापडाचं कोणतंही छत त्या वाऱ्यासाठी केलेलं नसतं आणि ते तसं करताही येणार नाही. म्हणून या पुस्तिकेचा निम्मा भाग छत मजबूत कसं बांधावं याविषयी आहे आणि निम्मा ते कधी उतरवावं याविषयी. माझ्या मते दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. बाजारात मिळणाऱ्या जाड मेखा आणि पट्टे यांवर भरवसा ठेवून लोक छत उतरवायला उशीर करतात, असं मी वारंवार पाहिलं आहे.

मावशींचं वाक्य मला नंतर उलगडलं. वळवाचे ढग पुण्याच्या परिसरात मार्च ते मे या महिन्यांत बहुधा दुपारनंतर बांधले जातात. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, समुद्राकडून आलेली ओल तिला मिळते आणि ढग उभा वाढत जातो. त्यातून पडणाऱ्या पावसाचा बराच भाग खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकतो. सुकताना तो हवेला थंड करतो. थंड हवा जड, ती धाडकन खाली येते, जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंना पसरते. सोसाट्याचा वारा म्हणतात तो हाच. तो पावसाच्या आधी पोचतो, ढगाच्या दिशेने येतो, आणि सकाळपासूनच्या वाऱ्याच्या दिशेचा त्याच्याशी काही संबंध नसतो. त्याच्या आधी थोडा वेळ नेहमीची झुळूक बंद पडते, झाडं स्तब्ध होतात, उकाडा एकदम जाणवतो. शेतावर, पाण्यावर राहणाऱ्या माणसांनी याला नाव ठेवलं आहे: वारं पडणं. शहरातल्या कानाला ती सुटकेची खबर वाटते. मावळातल्या बाईला तो इशारा असतो. छत उतरवायला मिळणारा वेळ नेमका तेवढाच.

पुणेकरांना या बाबतीत एक भाग्य लाभलं आहे, त्याचा आपण पुरता उपयोग करत नाही. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला लोक आजही सिमला ऑफिस म्हणतात. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, तिथे तयार झालेलं ‘दामिनी’ हे अॅप आपल्या आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. हवामान खातं पुढच्या तीन तासांचा अंदाज देतं, त्यात ताशी ३० ते ४० किंवा ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे वाहतील असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आपण अंदाज वाचतो तो पाऊस आहे का एवढं पाहायला. छत लावणाऱ्याने आधी वाऱ्याचा आकडा वाचावा आणि वरचा हिशोब आठवावा. पवनेच्या काठाला फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून निघण्याआधी एकदा आणि दुपारी रेंजमध्ये जाऊन पुन्हा एकदा.

रेंज नसेल तर डोळे आहेत. फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदलातल्या अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याची एक मोजपट्टी बांधली. पुढे तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या आणि त्या आजही चालतात. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, बारीक फांद्या हलू लागल्या की वारा ताशी २० ते २८ किलोमीटर. लहान झाडं अख्खी डोलू लागली, तलावाच्या पाण्यावर शेंडीच्या लाटा दिसू लागल्या की २९ ते ३८. जाड फांद्या हलतात, तारा घोंगावतात, छत्री धरणं कठीण जातं तेव्हा ३९ ते ४९. माझा नियम या पट्टीवर बसवलेला आहे. धूळ उडाली की जादा दोऱ्या बांधायच्या. पाण्यावर शेंड्या दिसल्या की छत गुंडाळायचं. छत्रीची पाळी येईपर्यंत थांबायचं नाही, कारण त्या वाऱ्यात छत गुंडाळणंच धोक्याचं होतं.

बांधणीविषयी मी सगळ्यांत जास्त शिकलो ते वारीत. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यात भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत दोन मुक्काम करते. मग माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते. ज्येष्ठ सरता सरता, आषाढाच्या तोंडावर त्या पठारावर पश्चिमेचा वारा रात्रभर थांबत नाही. दिंड्यांचे ट्रक पुढे गेलेले असतात आणि वारकरी चालत पोचेपर्यंत राहुट्या उभ्या असतात. माउलींच्या पादुकाही वाटेत तंबूतच विसावतात. तो तंबू अंकलीच्या शितोळे सरकारांचा, घोड्यांप्रमाणेच परंपरेने आलेला मान. म्हणजे कापडाच्या छताखाली पावसाळ्यात महाराष्ट्र ओलांडण्याचा एवढा मोठा, वर्षानुवर्षांचा अनुभव आपल्याच लोकांच्या हातात आहे.

सासवडच्या तळावर एका दिंडीची राहुटी उभी होताना मी संध्याकाळभर पाहिली. चौघे जण होते. त्यांनी प्रथम जागा पाहिली, कापडाला हातही लावला नाही. एकाने टाचेने माती दाबली, दोन पावलं बाजूला सरकला, पुन्हा दाबली. मग राहुटीची निमुळती बाजू वाऱ्याकडे करून कापड पसरलं, आणि सगळ्यांत आधी वाऱ्याकडच्या मेखा ठोकल्या. खांब उभे करणं त्यानंतर. मेखा लोखंडी, हातभर लांब, राहुटीपासून बाहेरच्या बाजूला कललेल्या, म्हणजे ओढ आली की दोर मेखेवरून वर सरकत नाही, मेखच मातीत रुतते. राहुटीचे उतार तीव्र, कापड जवळजवळ जमिनीपर्यंत आलेलं, वाऱ्याला आत शिरायला वाटच नाही. शेवटी भोवतीने वीतभर चर खणला आणि तो उताराकडे सोडला. ठोकताना त्यांतला म्हातारा एकेक मेख हाताने हलवून पाहत होता. जी हलली ती उपटून दुसरीकडे. तेव्हा मला पवनेच्या काठच्या माझ्या चार मेखा आठवल्या.

माती ओळखणं हे पुस्तिकेतलं सगळ्यांत मोठं प्रकरण आहे आणि ते तसंच असायला हवं. मुरमात मेख ठोकायला घाम निघतो, पण ती धरते. काळी माती कोरडी असताना दगडासारखी आणि ओली झाली की लोण्यासारखी, म्हणून तिच्यात पावसाआधी पक्की वाटलेली मेख पाऊस पडल्यावर तपासावीच लागते. धरणाच्या काठचा गाळ वरून कडक आणि खाली भुसभुशीत, त्यात लांब मेख हवी किंवा दोन मेखा एकामागे एक ठोकून एकमेकींना बांधायला हव्यात. सह्याद्रीच्या कातळावर मेखेचा उपयोगच नाही. तिथे दोर मोठ्या धोंड्याला गुंडाळायचा आणि त्याच्यापुढे दुसरा धोंडा ठेवायचा.

दोराचंही तसंच. सुती दोर भिजला की आखडतो, नायलॉनचा भिजला की सैल पडतो. जुन्या तंबूवाल्यांना पाऊस आला की तणाव, म्हणजे कापड ताणून धरणारे दोर, थोडे ढिले करावे लागत. आपल्याला उलट पुन्हा आवळावे लागतात, आणि आवळले नाहीत तर कापड फडफडू लागतं. फडफड म्हणजे फाटण्याची सुरुवात. एका जोरदार ओढीने फाटण्यापेक्षा कापड हजार बारीक हिसक्यांनी कोपऱ्यातल्या रिंगेपाशी उसवतं. म्हणून दोरी आणि कापड यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची वीतभर पट्टी बांधावी. ती हिसका स्वतः खाते. रिंग निखळलीच तर आठवडे बाजारातल्या भाजीवाल्यांचा उपाय आहे: ताडपत्रीच्या कोपऱ्यात लिंबाएवढा गुळगुळीत खडा ठेवायचा, कापड त्याच्याभोवती आवळायचं आणि मानेला दोरी बांधायची. तो जोड नव्या रिंगेपेक्षा कमी टिकत नाही, हे मी करून पाहिलं आहे.

गाठींच्या बाबतीत आपल्या घरात दोन शब्द आहेत, निरगाठ आणि सुरगाठ. सांगाडा निरगाठीने बांधायचा आणि तणाव सुरगाठीने. वाऱ्यात, अंधारात, ओल्या बोटांनी निरगाठ सुटत नाही, आणि मग माणसं सुरी शोधत फिरतात.

पावसाविषयी थोडंच सांगतो, कारण विषय वाऱ्याचा आहे. छत सपाट ठेवलं तर मध्ये पाणी साचून पोट धरतं. चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० किलो. छताचा एक कोपरा नेहमी खाली ठेवा. तो कोपरा वाऱ्याकडचा असेल तर दोन्ही कामं होतात.

एक चूक मी जवळजवळ प्रत्येक तळावर पाहतो. उकडतं म्हणून लोक वाऱ्याकडची बाजू उघडी ठेवतात आणि आडोसा हवा म्हणून मागची बाजू पडद्याने बंद करतात. तोंड उघडं आणि पाठ बंद असलेलं छत म्हणजे हवा भरायला धरलेली पिशवी. वारा आत शिरतो, बाहेर पडायला जागा नाही, सगळा दाब छताला. पडदा लावायचाच तर वाऱ्याकडे लावा आणि पाठ मोकळी ठेवा. वारा दिशा बदलेल असं वाटत असेल तर सगळे पडदे काढून टाका.

आडोशाचा विषय निघाला की मला किवळ्याची आठवण येते. १७ एप्रिल २०२३ ला, संध्याकाळच्या वादळी पावसात, पुण्याजवळ किवळे इथे महामार्गालगतचा जाहिरातीचा फलक कोसळला आणि पाच जण गेले. ती माणसं वाऱ्यापावसापासून आडोसा घ्यायला तिथे थांबली होती. पुढच्याच वर्षी, १३ मे २०२४ ला, घाटकोपरला पेट्रोल पंपावर १२० फूट लांब, १२० फूट उंच फलक पडला आणि सतरा जणांचा जीव गेला. पाच चौरस मीटरच्या छताशी त्यांची तुलना नाही, पण दोन्ही ठिकाणी वारा तोच होता, वळवाचा, संध्याकाळचा, आणि हिशोबही तोच, क्षेत्रफळाचा आणि वेगाचा. वादळात छत उतरवल्यावर जायचं कुठे, याचं उत्तर म्हणून या दोन तारखा ध्यानात ठेवा. फलकाखाली नको, गुलमोहराखाली नको, एकट्या झाडाखाली तर नकोच. गाडीत बसा, काचा लावा. पत्र्याची बंद गाडी विजेपासूनही चांगलं संरक्षण देते.

उतरवण्याची पद्धत पुस्तिकेत चित्रांसकट दिली आहे. इथे फक्त क्रम सांगतो, कारण तो उलटा केल्यामुळेच माणसं जखमी होतात. मुलं आणि म्हातारी माणसं आधी गाडीत. चूल, शेगडी बंद. मग पडदे. मग वाऱ्यापलीकडच्या बाजूच्या दोऱ्या. वाऱ्याकडची बाजू शेवटपर्यंत जमिनीला बांधलेली राहिली पाहिजे. ती आधी सोडलीत तर वारा कापडाखाली शिरलाच म्हणून समजा. दोघांनी दोन पाय एकाच वेळी आखडायचे आणि कापड गाडीकडे गुंडाळत न्यायचं. आणि झोत येऊन पोचलाच असेल, छत फुगलं असेल, तर त्याला हात लावू नका. खांब धरून उभं राहायचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला होता. माणसाचं वजन साठ-सत्तर किलो, आणि वर आलेला हिशोब आठवा. कापड जाऊ द्या. ते दुकानात मिळतं.

रात्री झोपताना छत उघडं ठेवू नका, आभाळात एकही ढग नसला तरीही. झोपलेल्या माणसाला वारं पडलेलं कळत नाही.

ही पुस्तिका कपाटात ठेवण्यासाठी लिहिलेली नाही. गाडीत ठेवा, तिला मातीचे डाग पडू द्या. पण बाहेर पडण्याआधी एक गोष्ट घरीच करा. सोसायटीच्या वाहनतळावर किंवा जवळच्या मोकळ्या मैदानावर छत उघडा, सगळ्या दोऱ्या बांधा आणि घरातल्या कुणाला तरी घड्याळ लावायला सांगून ते उतरवा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा अकरा मिनिटं लागली. मावशींनी सांगितल्यापासून झोत येईपर्यंत आम्हाला मिळाली होती आठ. आता आम्हाला चार लागतात, आणि माझी भाची घड्याळ धरते. मागच्या मुखपृष्ठाच्या आत एक चौकट कोरी सोडली आहे. तुम्हाला किती मिनिटं लागली, ते तिथे लिहा, आणि तो आकडा पाचाच्या खाली आला की मगच पवनेला जा.

पुणे, गुढीपाडवा